आभाराला उभा राहणारा माणूस

आमच्या भागात कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक उठतात. कुणी चपला शोधतं, कुणी लेकरांना हाका मारतं, आणि माईकवर एक माणूस 'सर्वप्रथम मी' म्हणत एकटाच बोलत राहतो. पण आमचे हे आभाराला उभे राहिले की लोक बसून राहायचे. मी बायको आहे म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मी त्यांच्या चुकाच जास्त काढल्या आहेत, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

हे ग्रामसेवक होते. नोकरीची सगळी वर्षं निलंगा, जळकोट आणि अहमदपूर या तालुक्यांतल्या गावांत गेली. मी सरकारी नर्स. आमची ओळख जळकोटकडच्या एका गावात झाली, तिथे मी उपकेंद्रात होते आणि हे ग्रामपंचायतीत. गावातले लोक मला सिस्टर म्हणायचे, म्हणून हेही म्हणायचे. लग्नानंतरही त्यांनी तेच चालू ठेवलं. सिस्टरचा अर्थ कुणीतरी सासूबाईंना सांगितला तेव्हा त्यांनी लेकाला पुष्कळ टोमणे मारले, पण सवय काही गेली नाही. निवृत्तीनंतर आम्ही अहमदपूरला घर बांधलं. एका बाजूला नांदेड, तिथे मुलगी दिलेली. दुसऱ्या बाजूला लातूर, तिथे दवाखाने. म्हातारपणाला दोन्ही लागतात, असा त्यामागे माझा हिशेब होता.

आभार मानायची यांची एक पद्धत होती. हातात कागद कधी घ्यायचे नाहीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला चहा पिऊन निघायचे आणि जिथे मंडप पडतोय तिथे नुसते हिंडायचे. मंडपवाल्याशी बोलायचे, आचाऱ्याशी बोलायचे, पाण्याचा टँकर आणणाऱ्याच्या शेजारी बसून बिडीचा धूर खायचे. दुसऱ्या दिवशी माईकवर 'मंडपवाल्यांचे आभार' एवढ्यावर कधी भागायचं नाही. पूर्ण नाव, गाव, आणि नेमकं काय केलं ते. पाय मुरगळलेला असताना हे गृहस्थ शिडीवर चढले. या माउलीनं घरी पाहुणे सोडून इथे पीठ मळलं. ज्याचं नाव घेतलं तो माणूस मान खाली घालायचा आणि त्याची बायको मान वर करायची. आपलं नाव येतं का हे बघायलाच अर्धे लोक थांबत असतील, असं मी एकदा म्हणाले. हे म्हणाले, "मग थांबू दे की. त्यासाठीच मानतो."

भाषण का करत नाही, असंही मी विचारलं होतं. तेवढा आवाज होता, तेवढं वाचन होतं.

"भाषण कोणीबी करतंय सिस्टर," हे म्हणाले. "काम कोणी केलं ते कोण सांगणार?"

यांच्यात काहीतरी बिघडलंय हे मला घरात आधी कळलंच नाही. चष्मा, किल्ल्या, औषधं या गोष्टी हे आयुष्यभर विसरत आले होते, आणि आयुष्यभर मीच शोधून देत आले होते. कळलं ते एका शाळेतल्या निरोप समारंभात. यांनी मुख्याध्यापकांचे आभार मानले ते उत्तम भाजी केल्याबद्दल. लोकांना वाटलं, भाऊसाहेब थट्टा करताहेत. ग्रामसेवकाला इकडे भाऊसाहेब म्हणतात, आणि निवृत्त झाला तरी तो भाऊसाहेबच राहतो. सगळे हसले, मुख्याध्यापकही हसले. मी हसले नाही. आभार मानताना हे कधीच थट्टा करत नसत.

मग मी नर्ससारखी लक्ष ठेवायला लागले. यांना मुलगी आठवत होती. नांदेड आठवत होतं, स्टँडपासूनचा रस्ता आठवत होता. पण "नांदेडला जाऊ" म्हटलं की विचारायचे, "तिथं कोण हाय आपलं?" चहा करायला घेतला तर साखर काढायचे, पत्ती काढायचे, दूध काढायचे, सगळं ओट्यावर ओळीनं मांडायचे आणि पुढे काय म्हणून माझ्याकडे बघत राहायचे. गॅस पेटवायचा राहिलेला असायचा. मी चिडायचे. मग चिडले म्हणून स्वतःवर चिडायचे, आणि तो रागही शेवटी यांच्यावरच निघायचा.

लातूरच्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी यांना घड्याळ काढायला सांगितलं. यांनी छान गोल काढला. एक ते बारा सगळे आकडे काढले, एकही चुकला नाही, पण ते सगळे गोलाच्या एका बाजूला गर्दी करून बसले होते, आणि काटे कागदाच्या कोपऱ्यात वेगळेच पडलेले. मी पुष्कळ आजार बघितलेत, पण ते दुसऱ्यांच्या माणसांचे होते.

बाईंनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि अल्झायमर हा शब्द उच्चारला. आठवणी साठवणारा भाग आकसलाय तो दाखवला. मग म्हणाल्या, "पण नुसतं एवढंच नसतं. मेंदूचा एक भाग चेहरा ओळखतो, एक नाव काढून देतो, एक प्रसंग जपतो. या भागांचं एकमेकांशी सारखं बोलणं चालू असतं. या आजारात ते बोलणं तुटत जातं. ते या फिल्मवर दिसत नाही. संशोधनासाठी एक वेगळा स्कॅन करतात, त्यात माणसानं काहीच करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं. आपण रिकामे पडलेलो असतो तेव्हाही मेंदू रिकामा नसतो. मी काय केलं, मला काय करायचंय, असं स्वतःचंच घोळवत असतो. त्या कामात जे भाग गुंतलेले असतात, त्यांच्यातलं दळणवळण बरेचदा लवकर बिघडतं."

"औषधानं परत जुळेल?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते काही काळ टिकवायचा प्रयत्न करू."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण खरं बोलणाऱ्याशी भांडायला काही सापडत नाही. तेवढ्यात हे उठून उभे राहिले, बाईंना हात जोडले आणि आमच्यासारख्या साध्या माणसांसाठी एवढा वेळ काढला म्हणून इतक्या सुंदर शब्दांत त्यांचे आभार मानले की त्या बिचाऱ्या फिल्म हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. हे आभार मात्र योग्य माणसाला गेले होते. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या आईनं शिवलेली एक जुनी वाकळ घरात आहे. तिचे तुकडे अजून धडके आहेत, दोरा मात्र जागोजागी सुटलाय. बाई सांगत होत्या ते मला त्या वाकळेवरून कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम जवळ आला. आमच्या विहारात त्या दिवशी सकाळी वंदना, मग पाहुण्यांचं प्रवचन, मग आभार आणि शेवटी खीरदान. विहार बांधलं त्या वर्षापासून आभार यांच्याकडेच. समितीचे अध्यक्ष घरी आले. चहा झाला, उन्हाचं बोलणं झालं, पाण्याचं झालं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, यावर्षी भाऊसाहेबांना आराम देऊ म्हणतो. आपला एक नवा गुरुजी हाय, तो करतो आभार. भाऊसाहेब स्टेजवर बसतील, मानाची खुर्ची देऊ."

हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "मग मी खुर्चीवर बसून काय करायचं?"

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. खरं म्हणजे त्यांनी जे सांगितलं तेच मी स्वतः जाऊन त्यांना सांगणार होते. गेल्या आठवड्यापासून शब्द जुळवत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या माणसाला मी घरी बसवीन, तुम्ही कोण?

"आभार हेच मानतील," मी म्हणाले. "आणखी चहा घेता का?"

त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी मुलीचा नांदेडहून फोन आला. समितीतल्या कुणीतरी जावयांना कळवलं होतं. ती म्हणाली, "आई, तुझ्या हट्टापायी बाबांचं चारचौघांत हसं होईल. इतकी वर्षं जे नाव कमावलं ते एका सकाळी जाईल. लोकांना तेवढंच लक्षात राहतं शेवटी."

तिचं चुकत नव्हतं, म्हणून मी फोन लवकर ठेवला. पण मला दुसरी भीती होती. यांच्या हातून एकेक काम सुटत चाललं होतं. बँक सुटली, बाजार सुटला, एकट्यानं फिरणं सुटलं. आता माईकही काढून घेतला तर हे घरात राहतील, पण त्यांच्यातले भाऊसाहेब किती उरतील ते मला सांगता येत नव्हतं. हसं झालं तर मी लोकांशी भांडू शकत होते. घरात गप्प बसलेल्या नवऱ्याबरोबर राहायचं धाडस मात्र माझ्यात नव्हतं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

आदल्या दिवशी चार वाजता हे चहा पिऊन निघाले, तशी मीही चपला घातल्या. हे मंडपवाल्याशी बोलले. बांबू कुठून आणले, कापड नवं आहे का, सगळं विचारलं. माईकवाल्याशी बोलले. तो म्हणाला, औंदा नवी मशीन आणलीय, आवाज अजिबात किरकिरणार नाही. मग आमच्या शेजारणीकडे गेलो. खीर दरवर्षी तीच करते. तिची जीभ तिखट आणि खीर गोड, असं हे तिच्या तोंडावर म्हणायचे. ती भांडी घासत होती. लातूरहून एक प्राध्यापक प्रवचनाला येणार, तेही यांनी विचारून घेतलं. परत येताना मी रस्त्यात परीक्षा घेतली. खीर कोण करतंय? हे थांबून विचार करायला लागले. सगळी माणसं यांच्यापाशी होती, सगळी कामंही होती. कुणाचं काम कुणाला द्यायचं एवढंच जमत नव्हतं.

"कागदावर लिहून देऊ का?" मी विचारलं.

"कागद बघून आभार मानायचे म्हणजे पोस्टमननं पाकिटं वाटायची," हे म्हणाले. हे मात्र त्यांना झटकन सुचलं.

तेव्हा मी माझ्या परीनं बंदोबस्त केला. एकटीच परत गेले आणि माईकवाल्याला बाजूला घेतलं. मी कधी डोक्यावर पदर घेत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्याला म्हणाले, "उद्या भाऊसाहेबांचं बोलणं लईच घसरलं तर मी डोक्यावर पदर घेईन. तू लगेच माईक बंद करायचा. लाइट गेली म्हणायचं." तो चांगला माणूस, यांच्या तोंडून त्याचं नाव कितीतरी वेळा माईकवर गेलेलं. त्यानं नुसती मान हलवली.

सकाळी वंदना झाली. प्राध्यापकांनी दुःखाचं मूळ आणि त्याचा निरोध यावर चांगलं सांगितलं, जरा लांबलं, पण चांगलं सांगितलं. मग हे उठले. पांढरा शर्ट मीच इस्त्री केलेला. मी पुढच्या रांगेत, माईकवाल्याला दिसेन अशी बसले होते.

"प्राध्यापक साहेबांचे आभार मानावे तेवढे थोडे हायेत," यांनी सुरुवात केली, आणि त्यांचं पूर्ण नाव, गाव बिनचूक घेतलं. मला हायसं वाटलं. "साहेब पहाटेपासून चुलीपुढं हायेत. डाव हातातून खाली ठेवला न्हाई. एवढं मोठं पातेलं, पण खीर कुठंबी बुडाला लागली न्हाई."

प्राध्यापकांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"आणि आमच्या शेजारच्या ताई," हे पुढे निघाले. "एवढ्या उन्हाचं लातूरहून आल्या. दुःखाचं मूळ कशात असतंय हे इतक्या सोप्या भाषेत आम्हाला आजवर कोणी सांगितलं न्हाई."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. माझा हात पदराकडे गेला. तेवढ्यात पातेल्याजवळून शेजारणीचा आवाज आला, "भाऊसाहेब, वेळ असंल तर अजून थोडं सांगते की मी."

सगळा मंडप हसला. त्या हसण्यात नख लागेल असं काही नव्हतं, ते मला लगेच कळलं. हेही हसले. "ताई, खीर झाल्यावर सांगा," म्हणाले, आणि परत हसू झालं. माझा हात खाली आला. मीही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऊन तोवर कनातीच्या फटीतून थेट माझ्या तोंडावर आलं होतं. मी हसता हसता पदर ओढून डोक्यावर घेतला.

"मंडपवाल्या भाऊंनी तर कमाल केली," हे म्हणत होते. "नवी मशीन आणली. आवाज एकदाबी किरकिरला..."

आणि माईक बंद पडला.

मी वळून माईकवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, सांगितलेलं काम चोख केल्याच्या समाधानात. मी पदर खाली ओढला, हातांनी खुणा केल्या, चालू कर, चालू कर. त्याला काही उमजेना. यांना त्याचं काहीच नव्हतं. ज्या माणसानं उन्हातान्हात झाडाखाली ग्रामसभा घेतल्या त्याला माईक कशाला लागतो? यांनी माईक बाजूला केला आणि पूर्वीच्या त्या आवाजात पुढे सुरू केलं. तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. माईकवाल्याचे आभार मानले ते उन्हात बांबू रोवल्याबद्दल. टँकरवाल्याचे मानले, फुलं आणणारीचे मानले, सतरंज्या झाडणाऱ्या पोरींचे मानले. एकही माणूस सुटला नाही, एकही काम सुटलं नाही. सगळी अदलाबदल होती, आणि लोक आपलं नाव आलं की दुसऱ्याच्या कामासाठी हात जोडत होते. प्राध्यापक खाली उतरल्यावर सरळ पातेल्याकडे गेले आणि शेजारणीला म्हणाले, "मी केलेली खीर कशी झालीय ते बघू तरी." तिनं त्यांना वाटी भरून दिली.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीबी भाऊसाहेबच." पुढचं वर्ष कसं असेल ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आम्ही खिरीचा डबा घेऊन घरी निघालो. ऊन तापलं होतं, हे सावलीसावलीनं चालत होते. खूश दिसत होते. मुलीला फोन करून काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

"सिस्टर," हे म्हणाले, "आज आभार कोणी मानले गं?"

मी थांबले. "तुम्हीच की."

"थट्टा करायलीस व्हय," हे हसले. "मी तर खाली बसून होतो, तुझ्याशेजारी. कोण होता तो? आवाज चांगला हाय त्याचा. मनापासून बोलला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे लबाडी नव्हती, गोंधळही नव्हता. एक चांगला कार्यक्रम बघून घरी निघालेला माणूस होता.

"आपल्याच गल्लीतला आहे," मी म्हणाले.

चार पावलं चालून हे परत थांबले. चेहऱ्यावर काळजी आली होती. "पण एक चूक झाली. त्यानं सगळ्यांचे मानले. त्याचे कोणीच मानले न्हाईत. बरं दिसत न्हाई ते. चल माघारी, सांगून येऊ त्याला."

"ऊन लई झालंय," मी म्हणाले. "मी सांगते. तो भेटतो मला रोज."

"काय सांगशील?"

मी डबा कट्ट्यावर ठेवला. कडुलिंबाची सावली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. यांच्याच पद्धतीनं, कागद न घेता, मी सांगायला लागले. जळकोटकडच्या गावात मी नवी होते, एकटी होते, तेव्हा या गृहस्थांनी रोज उपकेंद्राच्या दारात येऊन जेवलात का म्हणून विचारलं. लग्न झाल्यावर माझी बदली झाली तिथे तिथे स्वतःची बदली मागून घेतली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. मुलगी झाली तेव्हा सगळ्या गावाला पेढे वाटले. माझं तोंड तिखट आहे, पण इतक्या वर्षांत ते कुणाला कळू दिलं नाही.

यांनी मान खाली घालून सगळं नीट ऐकून घेतलं. मग डबा उचलून माझ्या हातात दिला.

"असंच सांग त्याला," हे म्हणाले. "यातला एक शब्दबी कमी करू नको."